करंड्यातल्याचं नाव

देवघराखालचं कपाट उघडं होतं आणि दगडी करंडा जागेवर नव्हता. देविकाच्या पायांखालची जमीनच सरकली.

चूक तिचीच. मोठ गावाजवळ, जुन्या व्यापारी वाटेच्या कडेला असलेल्या टेकाडात तिच्या उत्खनन तुकडीला बौद्ध स्तूप सापडला होता. काल त्याच्या पोटातून हा करंडा निघाला. आत चिमूटभर हाडं, झाकणावर चार अक्षरं, अजून कुणी न वाचलेली. तंबूतल्या पेटीचं कुलूप मोडलेलं, म्हणून नियम धाब्यावर बसवून तिनं तो झाशीला घरी आणला. आज बारा वाजता पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब टेकाडावर येणार होते. करंडा दिसला तर खोदकाम चालू राहणार. नाहीतर टेकाड रस्ता रुंद करणाऱ्यांच्या हवाली.

"बाबा, आई कुठंय?"

"ओरछ्याला गेली, टेम्पोनं," रेल्वेतून निवृत्त झालेले जनार्दनराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "कपाट झाडायला घेतलं, तर म्हणे देवांच्या खाली कुणाच्या तरी अस्थी. त्या बिचाऱ्याला बेतवेचं पाणी तरी मिळू दे, म्हणाली."

देविकानं स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक ट्रक मुद्दाम आडवा येतोय असं तिला वाटत होतं. एरवी देवाचं नावही न घेणारी ही पोरगी रस्ताभर कुलस्वामिनीला साकडं घालत होती. दोन हजार वर्षं टिकलेली हाडं आपल्या एका रात्रीच्या शहाणपणानं वाहून जाणार, या विचारानं तिनं स्कूटर आणखी पिटाळली.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर आई बसली होती. मांडीवर करंडा.

"आई, अस्थी सोडल्यास?"

"कुठलं गं! तासभर ताटकळतेय," शकुंतलाबाई करवादल्या. "पंडितजी म्हणतात, पहले नाम-गोत्र बताओ, माताजी. मी काय सांगू, कप्पाळ? माणसाला असं बिननावाचं सोडायचं? तूच सांग पटकन."

देविका तिच्या शेजारी बसली. झाकण उघडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथं होतं. तिला रडूच फुटलं.

"नाव झाकणावर असेल, आई. अजून वाचता आलेलं नाही."

आईनं जरा विचार केला, मग पदरानं करंडा पुसला. "मग आधी वाच. वाचलंस की माझ्याकडे आण, मी सोडीन. शब्द दे."

साडेनऊ वाजले होते. नाव कळो न कळो, ही हाडं आता प्रयोगशाळेत जाणार, मग नंबर चिकटवून काचेच्या कपाटात. नदी त्यांच्या नशिबी नव्हती, हे देविकाला पक्कं ठाऊक होतं.

"दिला," ती म्हणाली आणि आईकडे न बघताच तिनं करंड्यासाठी हात पुढे केला.