अर्धी राहिलेली ओटी

या, या. दाराशी तो चौकोनी कोड स्कॅन करा, मास्क नाकावर ओढा, हाताला जेल लावा आणि मग आत या. इकडेतिकडे बघू नका, एजंट अजून गाडीतच आहे. मी बंगलाच बोलतोय. सिडनीपासून सहा तासांवरच्या ऑल्बरीचा, मरे नदीच्या अलीकडचा, अंगणात 'फॉर सेल'ची पाटी ठोकलेला.

एजंट आली की तुम्हाला सांगेल, "फ्रेश, न्यूट्रल, मूव्ह-इन रेडी." डोंबलाचं न्यूट्रल! ही जी पांढरीफटक भिंत दिसतेय ना, ती मी नव्हे. माझी ओळख मीच करून देतो. एजंटवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर आता माणसांवरही फारसा उरलेला नाही.

मला बांधलं रेल्वेतल्या एका गार्डने, लाकडी फळ्यांचा, जमिनीपासून हातभर वर, खुंटांवर. त्याची मुलगी बेरिल. शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही, जन्मभर माझ्याकडेच राहिली. बाप गेल्यावर तिने ब्रश हातात घेतला तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. पुढचं दार पोपटी. पॅसेज विटकरी. निजायची खोली जांभळी, का तर खिडकीतून जांभळ्या फुलांचं जॅकरँडाचं झाड दिसतं. बाथरूमच्या भिंतीवर मासे काढलेले, त्यातला एक चष्मा लावलेला. आणि स्वयंपाकघर पिवळंधमक. शेजारीपाजारी हसायचे. मी मात्र जाम खूश होतो. रस्त्यावरची बाकी घरं सगळी एका साच्यातली आणि मी असा नटलेला!

दोन हजार वीसच्या मे महिन्यात बेरिल घसरून पडली. स्ट्रेचरवरून जाताना तिने पोपटी दारावर हात टेकला आणि म्हणाली, "शुक्रवारी येते रे." शुक्रवार आला, गेला. तिला नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, ठेवलं आणि तिथे कुणाला आत सोडत नव्हते, कुणाला बाहेर सोडत नव्हते. भाच्याने एकदाही येऊन माझ्याकडे न बघता मला विकायला काढलं. हा मला मिळालेला पहिला दगा. म्हटलं, जाऊ दे, आजारपण आहे, साथ आहे, तिचा तरी काय दोष.

मग आले यतिन आणि नीरजा.

यतिन कंप्युटरवाला, पुण्याचा. ऑफिसने सांगितलं होतं, आता घरूनच काम, कुठूनही करा. नीरजा सिडनीत पॅरामॅटाला एका लायब्ररीत होती. आधी हॅरिस पार्कचा फ्लॅट, मग क्वेकर्स हिलचं भाड्याचं घर, दरवेळी मालकाने नोटीस दिली की खोके भरायचे, ह्याला ती विटली होती. यामिनी त्यांची मुलगी, आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

त्या दिवशी मला बघायला आले तेव्हा एजंट पुढे आणि हे तिघं मागे. यतिन मराठीत कुजबुजला, "तोंड वाकडं कर जरा. आवडलंय हे दाखवू नकोस, भाव वाढवतील." एजंटला मराठी कळत नाही, म्हणजे कुणालाच कळत नाही, असा त्याचा हिशोब. नीरजाने प्रयत्न केला बिचारीने. पॅसेजमध्ये नाक मुरडलं, निजायच्या खोलीत "ई, जांभळा!" म्हणाली. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि संपलं सगळं. "अगंबाई! हा तर हळदीचा रंग आहे," म्हणाली आणि भिंतीवर तळहात ठेवून उभीच राहिली. यामिनी बाथरूममधून ओरडली, "मम्मा, द फिश हॅज ग्लासेस!" यतिनने कपाळाला हात लावला. मला तेव्हा वाटलं, किती गोड माणूस आहे. मूर्ख मी. बायकोला खोटा चेहरा करायला शिकवणाऱ्या माणसाला मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

राहायला आल्यावर नीरजाने वास्तुशांत करायचीच म्हणून हट्ट धरला. सिडनीहून गुरुजी यायचे तर साथीचे नियम आडवे, म्हणून पुण्याचे गुरुजी लॅपटॉपवर. इथे होम पेटवला आणि धुराचा अलार्म जो बोंबलायला लागला! यतिन स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, गुरुजी तिकडून विचारतायत, "घंटा कोण वाजवतंय?" यामिनी हसून हसून लोळतेय. त्या दिवशी मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

गुरुजींनी वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायला सांगितली. नीरजा स्वतः रांगत माझ्या पोटाखाली शिरली, स्वयंपाकघराखालच्या मातीत तिने ती पुरली आणि केसांत कोळ्याची जाळी घेऊन बाहेर आली. गुरुजी म्हणाले, "आता ध्यानात ठेवा. घरात जे बोलाल त्याला वास्तू तथास्तु म्हणते. भलतंसलतं बोलू नका."

मला कुणी आजवर कामच दिलं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, बस. आता ड्युटी मिळाली. मी ती मनापासून करायला लागलो. नीरजा म्हणाली, "कढीपत्ता जगू दे रे इथल्या थंडीत." तथास्तु! यामिनी म्हणाली, "आय वॉन्ट अ डॉग." तथास्तु म्हटलं, पण त्याचं काही झालं नाही. आणि पूजा झाल्यावर यतिनने माझ्या विटकरी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "नीरजा, बास झाले खोके. आता इथून हलायचं नाही." ह्याला तर मी इतक्या जोरात तथास्तु म्हटलं की खिडक्यांची तावदानं हलली. ते वाऱ्याने हललं असं वाटलं त्यांना.

नोकरी सोडून आल्यामुळे लोनच्या कागदांवर नीरजाचं नाव नव्हतं. "नंतर घालू गं तुझं नाव," यतिन म्हणाला. त्यालाही मी तथास्तु म्हटलं होतं.

नीरजाने व्हरांड्यात मुलांचा चित्रकलेचा क्लास काढला. लॉकडाऊन असला की स्क्रीनवर, उठला की प्रत्यक्ष. बेरिलनंतर पुन्हा माझ्या फळ्यांवर रंगांचे डाग पडायला लागले. रंगवायचा राहिलेला व्हरांडा कुठल्या रंगाचा करायचा ह्यावर ती आणि यामिनी तासन् तास भांडायच्या.

पुढच्या वर्षीच्या वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, यतिनचे फोन वाढले. हा पठ्ठ्या परसातल्या शेडमध्ये जाऊन बोलायचा. शेडही माझीच की! ऑफिस परत सिडनीला बोलावत होतं. इकडे घरांचे भाव चढले होते. फोनवर तो म्हणत होता, "नरेंद्र, एजंट वगैरे काही नको, आपल्यातच करू. या आणि बघून जा. फक्त नीरजासमोर विषय काढू नका. मी सिडनीत स्कोफिल्ड्सला नवं घर बघतोय, तिला सरप्राइज द्यायचंय."

सरप्राइज! मी त्या दिवशी शेडचं दार असं आवळून धरलं की त्याला खांदा लावून बाहेर पडावं लागलं. पण दार आवळण्यापलीकडे घराला काय करता येतं? तुम्हीच सांगा.

नोव्हेंबरात सिडनीवाल्यांना बाहेर पडायची मोकळीक मिळाली आणि एका रविवारी नरेंद्र आणि विनीता आले. नरेंद्र यतिनचा जुना ऑफिसमित्र, त्याला इथे जवळच नवी नोकरी लागली होती. यतिन नीरजाला म्हणाला, "पहिल्यांदाच येतायत. त्यांना घर नीट दाखव हं. तुझ्यासारखं कुणाला जमणार?"

आणि नीरजाने दाखवलं हो! काय सांगू तुम्हाला. बेरिलच्या गोष्टींसकट दाखवलं. "हा फरशीचा उतार बघ, गोटी सोडली की थेट स्वयंपाकघरात येते. ही खिडकी दुपारी उघडायची, नदीवरचा वारा येतो. हे कपाट पावसात फुगतं, जरा वर उचलून ओढायचं." नरेंद्र प्रत्येक कोपरा फोनमध्ये टिपत होता. तिला वाटलं, कौतुकाने. "पुढच्या वर्षी व्हरांडा मोरपिशी करणार," ती म्हणाली. "आणि कागदावर माझं नाव लागलं ना, की आईबाबांना बोलवून घेणार. विमानं सुरू होऊ देत फक्त."

विनीता हळूहळू बोलायची थांबली. ती यतिनकडे बघायला लागली. तो पॅसेजच्या दारात टेकून हसत उभा होता.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, तिला रिकामी कशी पाठवायची? नीरजाने पिवळ्या स्वयंपाकघरात पाट मांडला, विनीताला हळदकुंकू लावलं. तांदूळ, नारळ, खण. विनीताने कुर्त्यावरची ओढणी पुढे पसरली. नीरजाने पहिली ओंजळ घातली आणि म्हणाली, "आता हे घर तुझंच समज. केव्हाही ये."

विनीताच्या हातातून ओढणी सुटली. तांदूळ सगळे जमिनीवर.

"नको गं," ती म्हणाली. "मला नाही घेता येणार तुझ्या हातची ओटी."

"का गं? काय झालं?"

"तुला खरंच माहीत नाही?" विनीता रडायलाच लागली. "अगं, आम्ही हे घर विकत घ्यायला आलोय. यतिन म्हणाला तुला सरप्राइज आहे. हे कसलं सरप्राइज? तू तर इथे जन्म काढायच्या गोष्टी करतेयस!"

बाहेर अंगणात यामिनी नरेंद्रला कढीपत्ता दाखवत होती, तिचा आवाज आत येत होता. यतिन पॅसेजमधून स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "नीरजा, मी सांगणारच होतो."

"कधी? ट्रक दारात आल्यावर?"

"ऑफिसने बोलावलंय, मी काय करू? आणि हा भाव पुन्हा मिळणार नाही. स्कोफिल्ड्सचं घर बघ तर आधी, एकदम नवं आहे. आपल्या भल्यासाठीच..."

"मी ह्यांना घर दाखवत होते तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच होतो की."

"इथेच होतास. आणि हसत होतास." तिचा आवाज चढला नाही, हेच मला फार लागलं. "यतिन, तू माझ्याकडूनच माझं घर विकवून घेत होतास."

विनीता आणि नरेंद्र ओटी न घेताच निघून गेले. "आम्हाला नको हे घर," नरेंद्र फाटकातून म्हणाला, आणि यतिनचा हातही हातात घेतला नाही. सांडलेले तांदूळ नीरजाने दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलले नाहीत. काही दाणे अजून माझ्या फटीत आहेत.

मला वाटलं, आता ती भांडेल. माझ्यासाठी ठाण मांडून बसेल. पण ती पुन्हा खोके आणायला गेली. बहिणीला फोनवर सांगत होती, "वकिलाकडे जाईन पुढे, ते बघू. पण ज्या भिंतींसमोर तो खोटं बोलला, तिथे मला एक रात्रही झोप येत नाही." म्हणजे बघा, त्याच्या पापाचे वाटेकरी माझ्या भिंती! मी काय केलं होतं गं? मला राग आला तिचा, अजूनही येतो. ऑल्बरीतच दोन खोल्यांचं युनिट भाड्याने घेऊन ती यामिनीला घेऊन गेली. क्लास तिथेच चालतो म्हणे. यतिन सिडनीला गेला. वास्तुपुरुष मात्र तिने उकरून नेला नाही. तो आहे तिथेच, म्हणून माझी ड्युटी चालू.

मग एजंट आली आणि रंगारी आले. चष्मेवाला मासा एका दुपारीत गेला. पोपटी दार करडं झालं. स्वयंपाकघराला रंगाचे हातावर हात मारले, तरी संध्याकाळी दिवा लागला की खालून पिवळं डोकावतंच. बेरिलने काटकसर केली नव्हती रंगात.

आणि आता गेल्या शनिवारचं सांगतो, म्हणजे मी सुटलो. अशीच बघणाऱ्यांची रांग होती, सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. त्यात एक बाई आली, मुलीचा हात धरून. एजंटने ओळखलं नाही. मी पावलावरून ओळखलं. पॅसेजमधली सैल फळी तिने न बघता ओलांडली.

एजंट तिला म्हणाली, "आधीच्या लोकांनी काय भयानक रंग दिले होते, यू वुडन्ट बिलीव्ह!" नीरजा तिला ओलांडून पुढे झाली. स्वयंपाकघरात गेली आणि पहिल्या दिवशी ठेवला होता तिथेच भिंतीवर तळहात ठेवला. मी श्वास धरून होतो. म्हटलं, बोल बाई, काहीतरी बोल. "परत येईन" म्हण. नुसतं म्हण, पुढचं मी बघतो, तथास्तु ओठांवर तयार आहे.

यामिनी बाथरूमच्या दारातून आली. पांढरी भिंत बघून आली होती. तिने आईची बाही ओढली.

"मम्मा," ती म्हणाली, "कॅन वी गो होम नाऊ?"

माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं पोरीने. घर म्हणजे आता तिचं ते दोन खोल्यांचं युनिट. नीरजाने हात भिंतीवरून काढला. दोघी माझ्याकडे बघत होत्या की नाही, मला ठाऊक नाही. घरात बोललेल्या शब्दाला उत्तर द्यायचं, एवढंच मला शिकवलंय.

मी म्हणालो, तथास्तु.