पडद्यातून आलेला हात

मेल आला तेव्हा धाकटी एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरखोलीत उकिडवी बसून ब्रेक घासत होती. चाळिशी ओलांडली तरी घरात ती धाकटीच आणि कामावर लिफ्टवाली. खिशात फोन थरथरला. दादाचा मेल होता आणि त्याला एक फोटो जोडलेला होता. विषय लिहिला होता, ‘आमचे कुटुंब’.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. मुलीचं लग्न जमवायला निघाला होता आणि त्या खटपटीत त्याची झोप उडाली होती. मेल होता मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना, पण त्याची प्रत घरातल्या झाडून सगळ्यांना. ही त्याची जुनी खोड. चारचौघांनी पाहिल्याशिवाय आपण काही केलं असं त्याला वाटतच नाही. ‘घरचे’ असा एक गट त्यानं फोनमध्ये कधीचा करून ठेवला होता, त्यात धाकटीही होती, आणि हा शहाणा आत कोण कोण आहे ते न बघता तो गट टाकून मोकळा झाला.

फोटो अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, वाढदिवसाचा. मधे खुर्चीत अण्णा, एका बाजूला दादा आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला भाची, आणि खुर्चीखाली शेजाऱ्यांचं मांजर, जे त्या दिवशी कुणी बोलावलं नसताना आलं होतं. धाकटी अण्णांच्या मागे उभी होती. फोटोत मात्र तिच्या जागी पडदा होता. छान, चुणीदार, दारावरून ओढून आणल्यासारखा पडदा.

तिनं फोटो बोटांनी मोठा केला आणि मग तिला हसावं की रडावं कळेना. पडद्यातून एक हात बाहेर आला होता. अण्णांच्या खांद्यावर टेकलेला, नखांत ग्रीस असलेला, तिचाच उजवा हात. त्यावर अण्णांनी आपला हात ठेवला होता, म्हणून तो पुसता आला नसावा. की दादाच्या तो लक्षातच आला नाही? दुसरंच खरं असणार. जन्मभर त्यानं लोकांची मुरमं पुसली, टकलावर सावली टाकली, पण सगळं चेहऱ्यापुरतं. त्याच्या धंद्यात माणूस कॉलरखाली नसतोच.

“काय बघताय एवढं?” जाड्या, तिचा कामावरचा जोडीदार, वायरचं भेंडोळं घेऊन वर आला. त्यानं फोनमध्ये डोकावलं. “आयला, हा हात कुणाचा? भूतबीत आहे का तुमच्याकडे?”

“आहे ना,” धाकटी म्हणाली. “मीच.”

जाड्यानं ब्रेकचं काम आपल्याकडे ओढलं. धाकटीनं दादाला फोन लावला.

“मेल तुलाही आला होय?” दादाचा आवाज एकदम बसला. “अगं, ते तसं नाही...”

“मग कसं आहे, ते सांग. माझ्या जागी पडदा कसा आला? हात तेवढा माझा ठेवलास?”

“हे बघ, मागच्या स्थळाची मंडळी तुझं कळल्यावरच उठून गेली. नवरा सोडलेली आत्या, एकटी राहते, पुरुषांसारखी लिफ्टवर चढते. हे लोकही जुन्या वळणाचे आहेत. लग्न होईपर्यंत जरा दम धर. मग टाकतो तुला परत.”

“परत टाकतोस? मी काय मीठ आहे, चवीपुरतं टाकायला?”

“चेष्टा नको करूस. माझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आणि हातच राहिलाय ना? तो पण काढतो. नवी फाइल पाठवतो संध्याकाळपर्यंत.”

इथं मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागची मंडळी उठून गेली तेव्हा ती गप्प बसली होती. वाईट वाटलं होतं, रडलीही होती, पण भाचीसाठी गप्प बसली होती. नवऱ्यानं तिच्यावर हात उचलला आणि तिनं घर सोडलं, यात लाजण्यासारखं काय आहे ते तिला अजून कुणी समजावून सांगू शकलं नव्हतं. आता सख्खा भाऊ तिला वडिलांच्या मागून उचलून पडद्याआड टाकत होता, आणि उरलेला हातही संध्याकाळपर्यंत साफ करणार होता. आज गप्प बसलं तर या घरात आपण कधी होतो असंसुद्धा कुणी म्हणणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

ती तशीच, कामाच्या कपड्यांत, स्टुडिओत गेली.

दादा संगणकासमोर होता आणि स्क्रीनवर तोच फोटो होता. हात काढायला घेतलाच होता, पण तो काढला की अण्णांचा हात हवेत लोंबायला लागायचा. गिऱ्हाइकांच्या बाकावर अण्णा बसले होते. दुपारी घरी करमत नाही म्हणून ते रोज इथं येऊन बसत. भाची कटरनं फोटो कापत होती. आत्याला बघून तिनं कटर खाली ठेवला.

“मूळ फोटो दे,” धाकटी म्हणाली.

“नाही देणार,” दादा म्हणाला. “हा माझा स्टुडिओ आहे. आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर जा.”

“मी ओरडत नाहीये. फोटो मागतेय.”

“काय चाललंय?” अण्णांनी विचारलं. त्यांना आता जवळचंच दिसायचं. धाकटीनं फोनवर फोटो उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोन नाकाशी नेला, बराच वेळ धरला. दादा तोवर घसा खाकरत राहिला.

“ही कुठे गेली?” अण्णा म्हणाले.

“अण्णा, नातीच्या लग्नापुरतंच आहे हो. तुम्हाला कळत नाही, बाहेर लोक काय काय बोलतात...”

“लोकांचं मला कळतं. मी विचारतोय, ही कुठे गेली?”

दादानं मान खाली घातली. अण्णांनी फोन परत दिला. “मग मलाही काढ,” ते शांतपणे म्हणाले. “सूनबाईला, मांजराला ठेव. माझी खुर्ची रिकामी पाठव त्यांना. म्हणावं, मुलीचे आजोबा पण नव्हते.”

दादानं तरीही मूळ फोटो दिला नाही. हट्टीपणात दोघं भावंडं एकाच माळेचे मणी. धाकटी भाचीकडे वळली. त्या दिवशी भाचीनंही आपला फोन टेबलावर टेकवून तोच फोटो टिपला होता, हे तिला माहीत होतं. पण मागायला जीभ रेटेना. दादाशी भांडणं सोपं होतं. या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायचा हक्क तिला कुणी दिला होता?

“तुला विचारते,” ती म्हणाली. “तू नको म्हणालीस तर मी आत्ता निघून जाईन. राग धरणार नाही.”

“मागचे लोक उठून गेले ना,” भाची म्हणाली, “तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण मला विचारलंय कुणी? जो तो तुझ्या नाहीतर बाबांच्या तोंडाकडे बघतो.” तिनं फोन काढला. “ज्यांना आत्या चालत नाही, त्यांच्या घरी मी जाऊन करू काय? घे, पाठवते तुला.”

अॅपनं विचारलं, फोटो लहान करून पाठवायचा का मूळ आकारात? “मूळ,” धाकटी म्हणाली. “एक सुरकुती कमी करू नकोस.”

फोटो आला. धाकटीनं दादाचाच मेल उघडला, ‘सर्वांना उत्तर द्या’ दाबलं आणि उभ्या उभ्याच लिहायला लागली. तिचे अंगठे जाड, अक्षरं चुकत होती, पुसून पुन्हा लिहीत होती. लिहिलं ते असं :

‘आधीच्या फोटोत एक माणूस कमी पडलं, ते मी. मुलीची आत्या. लिफ्ट दुरुस्त करते. नवऱ्याला मी सोडलंय, त्यानं मला नाही. आमची मुलगी गुणी आहे. नातं जोडायचं तर या सगळ्या घराशी जोडा.’

फोटो जोडला आणि पाठवा दाबलं. खाली क्षणभर टिकणारी काळी पट्टी आली : ‘मेल पाठवला. परत घ्या.’

“घे परत!” दादा टेबलाला वळसा घालून धावला. “दाब ते! धाकटे, हात जोडतो, दाब!”

तिनं फोन उंच धरला. दादाचे डोळे भरून आले होते. हा माणूस वाईट नव्हता, भेदरलेला होता. लेकीच्या काळजीनं त्याला धाकट्या बहिणीपेक्षा पडदा बरा वाटला. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून तिनं हात खाली केला नाही. पट्टी पुसली गेली, आता मेल परत घेता येणार नव्हता.

“संपलं,” दादा खुर्चीत बसला. “वाट लावलीस पोरीची.”

“बाबा, माझी वाट मला बघू द्या,” भाची म्हणाली आणि कटर उचलून पुन्हा कामाला लागली. अण्णांनी धाकटीला बाकावर शेजारी बसायला जागा करून दिली. ती बसली. एक गिऱ्हाईक आत येऊन, चौघांची तोंडं बघून, उद्या येतो म्हणून गेलं.

तेवढ्यात काउंटरवरचा दादाचा फोन वाजला. भाचीनं वाकून नाव वाचलं. होणाऱ्या सासूचा फोन होता. दादा फोनकडे बघत राहिला, हात पुढे करेना. फोन वाजत राहिला, तसा तो आणखीच खुर्चीत रुतत गेला.

धाकटी उठली. तिनं फोन घेतला, कानाला लावला.

“कोण बोलतंय?” पलीकडून बाईंचा करडा आवाज आला.

“मुलीची आत्या,” ती म्हणाली. “आत्ता ज्यांचा मेल आला तुम्हाला, त्याच. विचारा, काय विचारायचंय ते. सगळं सांगते.”