बोडक्या पाठी

"वहिनी, संध्याकाळपर्यंत पिसं जाण्याचं काय ते कारण शोधा. नाहीतर मी तुमच्या सगळ्या कोंबड्या कापणार," धाकटे दीर कुंपणापाशी उभे राहून म्हणाले.

"कापणार म्हणे! तुमच्या आहेत का त्या?" मी ताडकन उठले.

"माझ्या कुंपणाला लागून आहेत. मी एवढ्या कोंबड्या पाळल्यात, त्यांना हा रोग लागला तर माझं घर कोण चालवणार? तुम्ही?"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मी यांच्याकडे बघितलं. "म्हाताऱ्या झाल्या असतील," असं म्हणून यांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. नवरा म्हणून भरवशाचा माणूस, पण भांडणात काडीचा उपयोग नाही.

माझ्या कोंबड्या पाच. त्यातल्या चौघींच्या पाठी शेपटीपाशी पार बोडक्या, लालबुंद. एकटी लाडोबा तेवढी पांढरीशुभ्र. अंड्यातून अर्धमेली निघाली होती ती. मी पदरात धरून ऊब देऊन जगवलेली. घरात हसतात मला, हसू देत.

मी कामाला लागले. एकेकीला काखेत दाबून पंख उलटे करून बघितले. उवा नाहीत. खुराड्याच्या फळ्यांच्या फटींत चाकूचं टोक फिरवलं. किडे नाहीत. वर्षाची पिसं झडायची वेळ म्हणावी, तर ती मानेपासून झडतात आणि खालून नवी फुटतात. इथे नवे कोंबसुद्धा रक्ताळलेले. मग खाली जमिनीकडे लक्ष गेलं आणि मी चरकले. पिसं झडली असती तर पडलेली दिसली असती ना? खुराड्यात एक पीस नव्हतं!

कुणीतरी उपटत होतं. वर गिळतही होतं.

पलीकडे दीर दगडावर सुरी घासत होते. मुद्दाम मला ऐकू जाईल अशी, मेले कुठले! बोडक्यांना मी खुराड्यातून काढून बाहेर जाळीत ठेवलं होतं, आणि दुखऱ्यांजवळ कुणीतरी धडधाकट हवं म्हणून सोबतीला लाडोबा दिली होती. वाळत घातलेल्या चादरीआड मी दम धरून बसले. मांजर येईल, मुंगूस येईल, कुणी का येईना, आज त्याची खैर नाही म्हटलं.

कुणीच आलं नाही.

म्हातारी कोंबडी दाणे टिपत होती. लाडोबा शांतपणे तिच्या मागे गेली. मान किंचित तिरकी केली आणि टचकन एक पीस ओढून गिळलं. म्हातारी ओरडली, कोपऱ्यात पळाली. लाडोबा मागोमाग. पुन्हा टचकन. या वेळी रक्त आलं.

अगं बाई! म्हणजे मीच रोज रात्री दार लावून या चौघींना तिच्या तावडीत देत होते. मला रडूच फुटलं.

"सापडलं का काही?" दीर फाटकातून आत आले. सुरी हातातच.

"रोग नाहीये, भावजी. एक जण टोचते सगळ्यांना."

"कुठली?"

"मी तिला वेगळी ठेवीन," एवढंच म्हणाले.

"किती दिवस? परत सोडली की पुन्हा तेच. रक्ताची चटक लागलेली कोंबडी सुधारत नाही, वहिनी. माझ्याकडच्या अशा दोन कापाव्याच लागल्या. नाव सांगा, बाकीच्यांना मी हात लावत नाही."

खोटं बोलायचं ठरवलंच होतं मी. कुणाचंही नाव घेतलं असतं, म्हातारीचंसुद्धा. तिचे किती दिवस उरलेत असे? पण ती कोपऱ्यात तोंड जाळीला लावून उभी होती, आणि पाठ झाकायला तिच्याकडे काही नव्हतं.

मी जाळीचं दार उघडलं. लाडोबाला हाक मारायचीही गरज पडली नाही. दुडूदुडू आली, माझ्या हातांवर चढून बसली, डोळे मिटले.

"ही," मी म्हटलं.