फोनात नसलेलं

श्रद्धाने पान उलटलं आणि कादंबरीतल्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरसाठी आवाज जरा जाड केला.

समोर पलंगावर तिची सासू पद्मावती उशीला टेकून ऐकत होती. सांगलीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. दुपारी पडदे ओढून घेतले की खोलीत डोहाच्या तळाशी असावा तसा उजेड उरे, आणि त्या उजेडात सून तिला कादंबरी वाचून दाखवी. गोष्ट एका शहराची. तिथली माणसं आपल्या आठवणी एका यंत्राकडे सोपवत. दर प्रकरणात नवं माणूस बोले. दहा दिवसांत ती सगळी जणू याच घरात राहायला आली होती. जेवताना पद्मावती त्यांची चौकशीसुद्धा करी.

"'बायकोचा आवाज मी रोज ऐकतो,'" श्रद्धा वाचत होती, "'रोज तीच आठ वाक्यं. आता ती तेवढीच उरली आहे. भाकरी थापताना ती काय गुणगुणायची, ते यंत्रात नाही. आणि आता मलाही आठवत नाही.'"

तिचा आवाज चिरकला. तिने पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"का गं थांबलीस?"

श्रद्धाचा नवरा, अतिशय नाव त्याचं, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने बोलून पाठवलेले अकरा निरोप तिच्या फोनात होते. त्याच्या आईला तिने ते कधी सांगितलंच नव्हतं. तेवढं तरी आपलं एकटीचं असावं, असं तिला वाटे.

"आई, ह्यांचा आवाज हाय माझ्याकडं. फोनात. मी लपवला तुमच्यापास्नं."

पद्मावतीने चष्मा सारखा केला.

"ठावं हाय मला. दार लावून ऐकतीस तू. मी भायेर उभी असते की."

मग श्रद्धाने फोन पुढे केला. पद्मावतीने तो हलकेच माघारी सारला.

"ऱ्हाऊ दे. ते पाठ झालंय. त्यात न्हाई ते सांग कायतरी."

श्रद्धा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एक गोष्ट होती. लग्न झाल्यापासून घशात अडकलेली.

"झोपंत हाक मारायचे. हरणी, ए हरणी, म्हणून. लय मायेनं." ती थांबली. "कोण ती, कवा इचारलं न्हाई मी. भ्या वाटायचं."

पद्मावतीचे खांदे हलू लागले. सासू रडतेय असं वाटून श्रद्धा लगबगीने पुढे झाली, तर ती हसत होती.

"अगं येडे, गाय आमची! हा दुसरीत होता, तवा मेली. तीन दिवस जेवला न्हाई. परत कवा नाव काढलं न्हाई त्यानं. मला वाटलं, इसरला."

हसता हसता चष्म्याखालून पाणी ओघळलं. श्रद्धाने डोळ्यांना धक्का न लावता रुमालाने तिचे गाल टिपले आणि तिथेच, पलंगावर पाय वर घेऊन बसली.

"दिसायला कशी होती वो?" तिने विचारलं.