जागा सोडायची नाही

पहिला फटका खांद्यावर बसला तेव्हा बाईंच्या हातात अजून खडू होता. फळ्यावर 'लक्ष' एवढाच शब्द लिहून झाला होता. दुसरा फटका त्यांनी हात आडवा घालून अडवला, आणि कोपराखाली काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं. खडू घरंगळत टेबलाखाली गेला.

वर्गात कोणी जागचं हललं नाही. पेनं मात्र भराभर चालू लागली.

"आई, पत्ता सांगा," जावई म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. हातात चाकाचे नट सोडवायचा लोखंडी पाना होता. टायरच्या दुकानातून तो तसाच उठून आला होता. "माझी बायको कुठे ठेवलीय?"

चार दिवसांपूर्वी बाईंची मुलगी एक बॅग आणि एक मिटलेला डोळा घेऊन माहेरी आली होती. बाईंनी तिला त्याच दिवशी एका जुन्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवलं. तो पत्ता बाईंशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. तो या माणसाच्या हाती लागला तर मुलगी जिवंत राहणार नाही, याबद्दल बाईंना तिळभरही शंका नव्हती.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या, आणि वर्गाकडे वळून ओरडल्या, "अरे, धरा याला!"

"यंदा बाई भारी करतायत," तिसऱ्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं. कोणीतरी फिसकन हसलंही.

यात मुलांचा दोष नव्हता. दर वर्षी अकरावीला मानसशास्त्राचा हा धडा बाई असाच शिकवत. प्रयोगशाळेतले मामा डोक्यावर टोपी चढवून वर्गात घुसायचे, बाईंची पर्स हिसकावून पसार व्हायचे आणि मग मुलांनी पाहिलं ते लिहून काढायचं. मामांच्या हातात साधी टॉर्च असायची. गेल्या वर्षी एकोणीस जणांनी तिला पिस्तूल केलं होतं. माणूस डोळ्यांनी थोडं पाहतो आणि उरलेलं मनाने भरतो, हे असं शिकवलं की पोरं जन्मात विसरत नाहीत, असं बाई स्टाफरूममध्ये सांगत, आणि थोडं मिरवतही. हे सगळं गुपित आहे असं फक्त बाईंनाच वाटायचं. थोरली भावंडं धाकट्यांना सगळं पढवून ठेवत. गेल्या वर्षी मात्र एका आडदांड मुलाला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने मामांना असं धोपटलं की त्यांचा पुढचा दात गेला. म्हणून यंदा बाईंनी कोरे कागद वाटतानाच दम दिला होता, "आज वर्गात काहीही होवो, जागा सोडायची नाही. पाहायचं आणि लिहायचं. जो उठेल त्याला शून्य."

मामा सव्वाअकराला यायचे होते. जावई अकरा वाजून दहा मिनिटांनी आला.

तिसरा फटका गुडघ्यावर बसला. बाई टेबलाला धरायला गेल्या, पण मोडलेला हात पुढे झाला आणि त्या कोसळल्या. जावयाने अंबाडा मुठीत धरून त्यांना अर्धवट उठवलं आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. गरम रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

"पत्ता, आई."

"हे खरं आहे!" बाई मुलांना म्हणाल्या. त्यांना ओरडायचं होतं, पण घशातून नुसता खरखरीत आवाज आला. "अरे, हे खरं आहे!"

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने मान डोलावली आणि तेही वाक्य अवतरणचिन्हांत लिहून घेतलं. बाईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपण पेरलं तेच हे उगवलंय. ही पोरं आपलं ऐकतायत. वर्षभर शांत बसा म्हणून घसा फोडला तेव्हा एकानं ऐकलं नव्हतं.

पान्याचं टोक आता त्यांच्या गळ्यावर टेकलं होतं. तो त्यावर हळूहळू भार टाकत होता. मुलीचा पत्ता जिभेवर येऊ नये म्हणून बाईंनी ती दातांखाली धरली. तोंडात रक्ताची चव आली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मौनी उठली. हे वर्गाने ठेवलेलं नाव. जूनपासून तिने कुठल्याच तासाला तोंड उघडलं नव्हतं. ती पळाली नाही, ओरडली नाही. दोन रांगांमधून सरळ चालत आली आणि मुठीत धरलेलं कर्कटक तिने जावयाच्या हाताच्या पंजात, पान्याच्या दांड्यापर्यंत खुपसलं.

जावई पहिल्यांदाच ओरडला. पाना खाली पडला. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फाटला, तरी ती त्याच्या मनगटाला लोंबकळत राहिली. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तो तिला दुसऱ्यांदा मारत असताना दार उघडलं आणि टोपी घातलेले मामा टॉर्च परजत आत आले.

"आला, दुसरा चोर आला!" वर्गात हशा पिकला.

मामांनी जमिनीवरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी टॉर्च जावयाच्या कानशिलावर हाणली आणि उरलेल्या दातांची पर्वा न करता त्याच्यावर झेप घेतली. मग कुठे पहिल्या बाकावरच्या मुलाला आपल्या बुटाखाली ओलं लागलं. त्याने खाली पाहिलं आणि किंचाळला. बाकं उलटली. सगळा वर्ग त्या माणसावर तुटून पडला. बॅगा, डबे, पट्ट्या, बूट, हाताला लागेल त्याने. पाच मिनिटं निर्जीवासारखी बसलेली पोरं आता थांबेनात. शेवटी मामांनाच जावयाच्या अंगावर आडवं पडून त्याचा जीव वाचवावा लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फौजदार इस्पितळात आले. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता, एक डोळा सुजून बंद झाला होता, कपाळावर अकरा टाके होते. उशाशी मुलगी बसली होती. नवरा कोठडीत गेल्यावर ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती.

"छत्तीस साक्षीदार," फौजदारांनी कागदांचा गठ्ठा पलंगावर ठेवला, "आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कोणाला तो पाच फुटी दिसला, कोणाला साडेसहा. चौघांनी दाढी लावलीय. तुमच्या पोरांनी आम्हाला कामाला लावलं, मॅडम."

बाई हसल्या. टाके ताणले गेले तशा थांबल्या.

"आणि हे टेबलावर सापडलं. तुमचं का?" त्यांनी प्लास्टिकची पिशवी वर धरली. आत पुरुषी पट्ट्याचं घड्याळ होतं.

"माझं नाही."

"तिथे कसं आलं, कोणी सांगत नाही. कोणी पाहिलंच नाही म्हणतात. हे कागद नकला आहेत, आमचेही अजून निम्मेच वाचून झालेत, राहू द्या. ती कर्कटकवाली मुलगी तेवढी जबाब द्यायला येत नाही. 'वडिलांना कळवू नका' एवढंच म्हणते. घाबरली असेल बिचारी."

फौजदार गेले. बाईंना वाचता येईना, म्हणून मुलगी एकेक कागद मोठ्याने वाचू लागली. लाल शर्ट, निळा शर्ट, चौकटीचा शर्ट. एकाने बाईंच्या अभिनयाला दहापैकी नऊ दिले होते. दोघी बऱ्याच दिवसांनी एकमेकींकडे पाहून हसल्या.

मग एका कागदापाशी मुलगी अडली.

"काय गं? वाच ना."

"दोनच ओळी आहेत. पुढे नुसती रेघ गेलीय पेनाची." तिने वाचलं. "'आत आल्यावर त्याने आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. खरं मारायचं असलं की आधी घड्याळ काढून ठेवतात, म्हणजे ते फुटत नाही. हे नाटक नाही.'"

जावई बाईंपासून दोन हातांवर होता. त्यांना पाना आठवत होता, त्याचं गंजलेलं टोकसुद्धा आठवत होतं. घड्याळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं मुलगी सांगत होती, जिन्यावरून पडले, कपाटाचं दार लागलं. तेही त्यांनी असंच पाहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा म्हणून मिरवत होत्या त्या.

"मग बाह्या दुमडतात," मुलगी हलकेच म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला.

"ही शेवटच्या बाकावर बसते," बाई म्हणाल्या. "कायम पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालते, उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, अभ्यास येत नाही म्हणून गप्प असते."

मुलीने कागद नीट घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

"आई, हिचा पत्ता मिळेल?"

"कॉलेजच्या ऑफिसात असेल," बाईंनी धड असलेल्या हाताने उशाजवळचा फोन ओढून घेतला आणि मामांचा नंबर लावला.