तेरड्याची गौर

डोळे मिटा आणि बघा. खाडीकाठच्या द्रोणागिरी वसाहतीतल्या एका इमारतीची मागची भिंत आहे. भिंतीलगत हातभर माती, उन्हाळ्यात मिठाने पांढरी पडणारी. आज गौर आणायचा दिवस. एक आजी तिथे उकिडवी बसली आहे आणि तिने तेरड्याच्या रोपाला बुंध्याशी धरलं आहे. शेजारी तिची नात अक्षता, हातात ताम्हन घेऊन.

भागीरथीआजीच्या घरी तेरड्याचीच गौर बसे, मुळासकट उपटलेली. ती खाडीच्या बंधाऱ्यावरून यायची. तिथला तेरडा ठेंगणा, जाड पानांचा. खाऱ्या मातीत मजेत राही. गेल्या वर्षी बंधाऱ्यावर भराव पडला, गोदाम उभं राहिलं. मग भागीरथीने डोंगरावरच्या उंच, देखण्या तेरड्याचं बी आणून इथे टाकलं. तेरडा तो तेरडा, असं तिला वाटलं. रोपं दाटीने उगवली. पावसाने उघडीप दिली, माती पुन्हा खारावली, तशी रोपं पिवळी पडून मेली. उरलं हे एकच. ठेंगणं.

“आजी, सगळी एकाच डोंगरावरची ना? मग हेच कसं नाय मेलं?”

भागीरथीने तिला तिच्याच भावंडांची आठवण करून दिली. एकाच आजीची नातवंडं, पण उन्हात प्रितमचा घोळणा फुटतो आणि ही दिवसभर हुंदडते. बियांचंही तसंच. एखादं निराळं निघतं, तेच तगतं, आणि त्याची लेकरं त्याच्यावर जातात.

“बंधाऱ्यावर पन आदी असंच एखादं उरलं असंल,” ती म्हणाली. “बाकी सगली त्याची पोरं.”

“मग याला झाली पोरं?”

भागीरथीचा हात थांबला. रोप फुललं होतं, पण बोंड एकही धरलं नव्हतं; आता उपटलं तर बी उरणार नव्हतं.

खिडकीतून सून सुचिताने हाक दिली, “आई, बाजारातून जुडी आणू का? टेन्शन कशाला घेता?”

पण विकतची गौर भागीरथीच्या सासूने कधी उंबऱ्याच्या आत घेतली नव्हती, आणि तिनेही नाही. तिने बुंध्याशी सैल झालेली माती दाबून बसवली.

“यंदा पाट रिकामा ऱ्हाईल आपला,” ती हळूच म्हणाली.

अक्षता ताम्हन खाली ठेवून आत गेली, रांगोळीचा डबा घेऊन आली, आणि रोपाच्या बुंध्यापासून गौरीची इवली पावलं काढत निघाली, थेट घरातल्या पाटापर्यंत.