तेराचा पंखा

माझ्या नवऱ्याला, दगडूला, काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या होडीचा जुना पंखा खडकाला लागून तुटला, तेव्हा भाईंदरच्या दुकानदाराने दोन पंखे लावून बघायला दिले. एक दहाचा, एक तेराचा. आकडा मोठा तेवढी एका फेऱ्यात होडी जास्त पुढे जाते, पण इंजिनावर जोरही जास्त पडतो. "माल भरके देखो भाभी, इंजिन रोया तो छोटा लगाओ," दुकानदाराने मला बजावलं होतं.

दगडूने काय केलं? रिकाम्या होडीला तेराचा लावला आणि आमच्या तारोडी गावच्या किनाऱ्यासमोर दोन गिरक्या मारल्या. होडी सुसाट! किनाऱ्यावरचे रिकामटेकडे शिट्ट्या मारतायत आणि हा बाप्या नवरदेवासारखा हसतोय.

"हाच ठेवतो," म्हणाला.

"अवो, येताना रिकामे येता काय? जाळं, बर्फ, मासळी कोण आणणार, तुमचा मामा?"

"चंद्रे, तू मासळी विक. होडीतलं तुला काय समजतंय?"

माझं डोकंच फिरलं. बारा मोठे कॅन खाऱ्या पाण्याने भरून होडीत ठेवायला लावले, वर जाळं टाकलं आणि वर मीच चढून बसले. बावीस वर्षं मासळी विकली, पण गुडघ्यापुढच्या पाण्यात कधी गेले नव्हते. पाण्याची मला लय भीती. रागाच्या भरात तेवढं विसरले. माझा दीर भूपेश पुढे बसला.

ओहोटी लागली होती, पाणीच होडीला बाहेर ओढत होतं, त्यामुळे बाहेर जाताना काहीच कळलं नाही. वळून परत यायला लागलो तेव्हा समोरून पाण्याची ओढ आली आणि इंजिन कण्हायला लागलं. दगडूने इंजिनाची मूठ शेवटपर्यंत पिळली होती. आवाज मात्र घशात घास अडकल्यासारखा.

आम्ही पाण्यातला काळा खडक ओलांडून थोडे आत आलो होतो. पुऱ्या ओहोटीला चालत जाऊन पोरवयापासून त्या खडकावर मी कालवं फोडलीत. मागे वळून बघते तर तो हळूहळू जवळ यायला लागला. इंजिन चालू, तोंड घराकडे आणि होडी चालली मागे!

"दादा, मागे जातोय!" भूपेश ओरडला. त्याने वल्हं घातलं, पण काही उपयोग नाही. मागून लाट खडकावर फुटली आणि पाणी माझ्या पाठीवर आलं. आई एकविरे, पोरांना कोण बघणार, एवढंच डोक्यात. दगडूकडे बघितलं. तोंड पांढरंफटक. तो घाबरलेला मी कधीच बघितला नव्हता, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

"कॅन टाक! चंद्रे, कॅन टाक!"

हात उचलेना. मग कशी उठले देवीला ठाऊक. एक ढकलला, दुसरा, तिसरा. भूपेशने वल्हं सोडून पाच-सहा फेकले. खडक हातभर राहिला असताना इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि होडी पुढे सरकली.

किनाऱ्यावर उतरले आणि वाळूतच बसले. दगडू पाना घेऊन तेराचा पंखा काढायला लागला.

"घाबरले होते मी," मी म्हणाले.

"मी पन."

"तुम्ही? बावीस वर्षं दर्यावर जाताय."

"म्हणून तर." तो पान्याकडेच बघत होता. "वारा फिरला की भ्या वाटतं. दर टायमाला. न्हाय बोललो कधी. वाटलं, फास्ट पंखा असला तर लवकर घरी येईन."

आणि मला वाटलेलं, बाप्याला मिरवायचंय.

त्याने दहाचा पंखा बसवला, नट आवळला. "हा पन भरून बघायला पायजे. आता मी न् भूपेश जातो. तू घरी जा."

मी उठले. फेकलेल्या कॅनच्या जागी माझ्या मासळीच्या टोपल्या वाळूने भरून होडीत ठेवल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.